वणवा थांबला, रान परतले : कोस्टा रिकातील गुरांच्या कुरणांवरील वनक्षेत्र

पडीक जमिनीवर पुन्हा झाडोरा आणावयाचा म्हटले की आपल्यासमोर दोन उपाय येतात. पहिला, खड्डे खोदून रोपे लावणे. दुसरा, गुरांना चराईबंदी करणे. दोन्ही उपाय आपापल्या जागी योग्यच आहेत. परंतु गुरे बंद केली की रान आपोआप वाढते, ही समजूत सर्वच ठिकाणी खरी ठरत नाही. काही जमिनींवर गुरे काढून घेतल्यानंतर रान वाढण्याऐवजी अधिकच जळाले, असा अनुभव आहे.

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या लहानशा देशात हा अनुभव आला आणि त्यातून धडा घेऊन पुढे मोठे काम उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरलेल्या जमिनी तेथे आज एक लाख हेक्टरहून मोठ्या राखीव वनक्षेत्राचा भाग झाल्या आहेत. हे कसे घडले, त्यात गवत, आग, गुरे आणि माणसे यांचा वाटा कोणता आणि आपल्या गायरानासाठी व बांधासाठी त्यातून काय घेता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रदेश व हवामान

कोस्टा रिकाच्या वायव्येस, निकाराग्वा देशाच्या सीमेलगत ग्वानाकास्ते नावाचा प्रांत आहे. त्याच्या पश्चिमेस पॅसिफिक महासागर आणि पूर्वेस ज्वालामुखी डोंगरांची रांग आहे. येथील वनक्षेत्रास ‘ग्वानाकास्ते संवर्धन क्षेत्र’ असे म्हणतात. त्यात सुमारे १,२०,००० हेक्टर जमीन आणि ४३,००० हेक्टर समुद्र येतो. समुद्रकिनाऱ्यापासून १,९०० मीटरपेक्षा उंच अशा रिंकॉन दे ला व्हिएहा या ज्वालामुखीपर्यंत हे क्षेत्र पसरलेले आहे. १९९९ मध्ये त्याचा समावेश जागतिक वारसा स्थळांत करण्यात आला.

किनाऱ्याकडील सखल भागाचे हवामान आपल्याला ओळखीचे वाटेल. साधारण मेच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत पाऊस आणि डिसेंबरपासून पुढे कडक उघाडी. सरासरी पाऊस १,६०० मिलिमीटरच्या आसपास असला तरी एखाद्या वर्षी तो ९०० मिलिमीटर इतका कमी, तर एखाद्या वर्षी २,५०० मिलिमीटरपर्यंतही पडतो. उन्हाळ्यात बहुतेक झाडे पाने गाळतात. थोडक्यात, आपल्या विदर्भात किंवा सह्याद्रीच्या पूर्व उतारावर असते तसे हे पानझडी रान आहे. झाडांच्या जाती मात्र वेगळ्या आहेत.

अशा कोरड्या रानावर जगात सर्वत्र शेती व गुरे यांचे संकट आधी येते. कारण ते तोडण्यास व जाळण्यास सोपे, जमीन बऱ्यापैकी सुपीक आणि हवा माणसाला मानवणारी. मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या पॅसिफिक बाजूस एकेकाळी असे सुमारे साडेपाच लाख चौरस किलोमीटर रान होते. त्यापैकी दोन टक्क्यांहूनही कमी रान बऱ्या अवस्थेत उरले आहे, असे १९८८ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदविले.

चारशे वर्षांची गुरेपालनाची परंपरा

स्पॅनिश लोक या भागात आल्यानंतर सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे गुरेपालनाच्या मोठमोठ्या जहागिऱ्या उभ्या राहिल्या. सांता रोसा ही त्यांतील एक जुनी जहागीर. रान तोडून व जाळून कुरणे करावयाची आणि त्यांत गुरे व खेचरे मोकळी सोडावयाची, हा तेथील धंदा होता. सांता रोसाच्या जुन्या वाड्यासमोर २० मार्च १८५६ रोजी विल्यम वॉकर या अमेरिकन आक्रमकाच्या टोळीचा कोस्टा रिकाच्या लोकांनी पराभव केला. म्हणून या वाड्याला त्या देशात आपल्याकडील एखाद्या किल्ल्यासारखा मान आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या धंद्याला वेग आला. अमेरिकेत गोमांसाची मागणी वाढली, पक्का महामार्ग झाला आणि कुरणे वाढविण्यासाठी बँकांची कर्जे मिळू लागली. उष्ण हवा व गोचीड सहन करणारी ब्राह्मण जातीची गुरे या भागात रूढ झाली. ही जात अमेरिकेत आपल्याच देशातून नेलेल्या कांक्रेज, गीर, ओंगोल इत्यादी वशिंडाच्या गुरांपासून तयार झालेली आहे. म्हणजे ग्वानाकास्तेच्या कुरणांत चरणाऱ्या गुरांचे पूर्वज आपल्याकडचे आहेत.

गुरांप्रमाणे गवतही बाहेरून आले. १९४० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतील हारागुआ नावाचे गवत येथे मोठ्या प्रमाणावर पसरविण्यात आले. हायपरेनिया रुफा हे त्याचे शास्त्रीय नाव. या कथेतील खरा खलनायक हेच गवत आहे.

हारागुआ गवत आणि आग यांची जोडी

हारागुआ हे बहुवर्षायू, ठोंबांनी वाढणारे गवत आहे. चरले नाही तर ते पावसाळ्याअखेर दीड ते दोन मीटर उंच होते. फुलोरा आल्यानंतर त्याच्या काड्या जाड व निबर होतात आणि गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. डिसेंबरनंतर ते उभ्याउभ्याच वाळते. अशा कुरणात एक ठिणगी पडली की वाऱ्याबरोबर वणवा कित्येक किलोमीटर धावतो.

या भागात उन्हाळ्यात विजा पडून आग लागत नाही. लागणारा जवळजवळ प्रत्येक वणवा माणसाने लावलेला असतो. कोणी नवी कोवळी फूट यावी म्हणून गवत पेटवितो, कोणी शेताची राब-जाळणी करताना आग सोडतो, कोणी शिकारीसाठी, तर कोणी निष्काळजीपणाने.

आगीनंतर काय होते, ते समजून घेतले पाहिजे. गवताचे वाढीचे डोळे ठोंबाच्या बुडाशी, जमिनीलगत असतात. वरची काडी जळाली तरी डोळे वाचतात आणि पहिल्या पावसाबरोबर गवत पुन्हा फुटते. झाडाच्या रोपाचा वाढीचा शेंडा मात्र नेमका ज्वाळेच्या उंचीवर असतो. त्याची साल पातळ असते. एका वणव्यात ते मरते किंवा जमिनीपर्यंत जळते. पुन्हा फुटले तर पुढच्या वर्षीचा वणवा त्याला गाठतो. अशा रीतीने दर वर्षी गवत जिंकते आणि झाड हरते. शिवाय आग रानाच्या कडेची झाडे होरपळते, तेथे ऊन पोहोचते, उन्हात गवत शिरते आणि पुढील वर्षी आग आणखी काही हात आत जाते. कुऱ्हाड न लावताही रान कडेकडेने खाल्ले जाते.

गुरे काढली तेव्हा काय झाले?

१९७१ मध्ये सांता रोसा येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. क्षेत्र होते सुमारे १०,००० हेक्टर. राष्ट्रीय उद्यानात गुरे नकोत, या विचाराने त्याच दशकात ती बाहेर काढण्यात आली. हेतू चांगला होता, परंतु परिणाम उलटा झाला. गुरे होती तोपर्यंत ती गवत खात होती, तुडवीत होती आणि त्यामुळे जळण कमी राहत होते. गुरे गेल्यानंतर हारागुआ पुरुषभर उंच वाढू लागले. वणवा पूर्वी गुडघ्याएवढा असे, तो आता झाडांच्या फांद्यांपर्यंत पोहोचू लागला. मधल्या काळात गवतात वाढलेली झुडपे व रोपे जळून गेली.

उद्यानाला कुंपण होते, कायदा होता, राखणदार होते. पण जंगल कमी होत होते. कारण ज्या शत्रूशी लढावयाचे, तो ओळखलेला नव्हता. गुरे हा शत्रू नव्हताच. आग हा शत्रू होता आणि गवत हे त्याचे हत्यार होते.

१९८५ ची योजना

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डॅनियल जॅन्झन आणि त्यांच्या सहकारी व पत्नी विनी हॉलवॅक्स हे या रानातील किडे, झाडे व बिया यांचा कित्येक वर्षे अभ्यास करीत होते. अभ्यासाचे रानच डोळ्यांदेखत संपत चालल्याचे पाहून त्यांनी १९८५ मध्ये कोस्टा रिकातील सहकाऱ्यांसह एक योजना मांडली. सांता रोसाभोवतीच्या गुरांच्या जमिनी विकत घ्यावयाच्या, आग बंद करावयाची आणि उरलेल्या रानाच्या तुकड्यांतून बी पसरू द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. त्या काळात गोमांसाचे भाव उतरल्याने अनेक जहागीरदार जमिनी विकण्यास तयार होते. १९८९ मध्ये ग्वानाकास्ते राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले.

आग थांबविण्यासाठी केलेली कामे साधी होती :

१) उद्यानाच्या हद्दीवर, रस्त्यांच्या कडेने व मोठ्या कुरणांच्या मधून जाळरेषा काढण्यात आल्या. जाळरेषा म्हणजे आग अडविण्यासाठी गवत काढून किंवा हंगामापूर्वीच काळजीपूर्वक जाळून मोकळा केलेला पट्टा.

२) उन्हाळाभर टेहळणी ठेवण्यात आली. धूर दिसताच टोळी निघावयाची. आग लहान असतानाच विझवावयाची, हा नियम.

३) आग विझविणाऱ्या टोळीत आसपासच्या गावांतील माणसे घेण्यात आली. त्यांतील अनेकजण पूर्वी त्याच कुरणांवर गुराखी होते. वारा कोणत्या वेळी फिरतो, कोणत्या घळीतून आग चढते, हे त्यांना पाठ होते. पूर्वी जी माणसे गवत पेटवीत, त्यांच्याच हाती आता ते वाचविण्याचे काम आले.

४) नव्याने घेतलेल्या कुरणांतून गुरे लगेच काढण्यात आली नाहीत. या मुद्द्याचा पुढे स्वतंत्र विचार केला आहे.

रोपवाटिका, खड्डे, पाणी यांवरचा खर्च बहुतांशी टळला. सर्व भर आग बंद ठेवण्यावर होता. आग न लागलेल्या कुरणात काही वर्षांतच झुडपे व रोपे गवताच्या वर डोके काढतात. दहा-पंधरा वर्षांत त्यांची सावली एकमेकींत मिसळते. हारागुआला भरपूर ऊन लागते, त्यामुळे सावलीत ते विरळ होऊन मरते. गवत मेले की आगीचे जळणच संपते. एकदा ही पायरी गाठली की रान स्वतःचे रक्षण स्वतः करू लागते. मात्र जुन्या रानासारखे सर्व जातींचे परिपूर्ण रान होण्यास काही शतके लागतील, हेही जॅन्झन यांनी आरंभापासून स्पष्टपणे सांगितले आहे.

गुरे : शत्रू की मजूर?

सांता रोसातील अनुभवावरून शहाणे होऊन नव्या कुरणांत काही वर्षे गुरे ठेवण्यात आली. आसपासच्या पशुपालकांना चराई भाड्याने देण्यात आली. जाळरेषा व टेहळणी यांची व्यवस्था पक्की होईपर्यंत गुरांनी गवत खाऊन आखूड ठेवावे, हा उद्देश. गवत कापण्याचे हे चालते-फिरते यंत्रच होते आणि त्याचे भाडेही उद्यानाला मिळत होते. झाडांची रोपे वर आली आणि आग आटोक्यात आली की त्या भागातून गुरे काढण्यात येत. कारण त्यानंतर गुरे रोपे खातात, तुडवितात आणि ओढ्याचे काठ खराब करतात.

गुरांचे आणखी एक काम होते, ते बी पेरण्याचे. या प्रांताला ज्याचे नाव मिळाले तो ग्वानाकास्ते वृक्ष शिरीषाच्या कुळातील आहे. १९५९ पासून तो कोस्टा रिकाचा राष्ट्रीय वृक्ष आहे. त्याची शेंग माणसाच्या कानासारखी वळलेली व गोडसर गराची असते. गुरे व घोडे त्या आवडीने खातात आणि बिया शेणा-लिदीतून दूरवर टाकतात. आपल्याकडे शेळ्यांच्या वाड्यातील बाभळीचे बी चांगले उगवते, तोच हा प्रकार.

येथे एक मनोरंजक प्रश्न निर्माण होतो. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी त्या भागात गुरे व घोडे नव्हते. मग इतकी मोठी शेंग हे झाड कोणासाठी तयार करीत होते? जॅन्झन आणि पॉल मार्टिन यांनी १९८२ मध्ये असे मत मांडले की, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेत हत्तीसारखे प्रचंड प्राणी व रानघोडे होते आणि ही फळे मुळात त्यांच्यासाठी होती. ते प्राणी नष्ट झाले, झाडे मात्र राहिली. हजारो वर्षांनंतर आलेल्या गुरा-घोड्यांनी ते जुने काम पुन्हा हाती घेतले.

बी कोठून व कसे येते?

बियांची ने-आण वारा व प्राणी करतात. उन्हाळ्यात या भागात ईशान्येकडून जोराचा वारा वाहतो. त्यामुळे पंखाच्या किंवा कापसासारख्या बिया असलेल्या जाती, उदाहरणार्थ महोगनी, रानाच्या वाऱ्याखालील बाजूस असलेल्या कुरणात प्रथम येतात. पक्षी, वटवाघळे, हरणे व माकडे यांनी आणलेल्या जाती हळूहळू मागाहून येतात.

कुरणात एकटे उभे असलेले झाड या कामी फार मोलाचे ठरते. पक्षी त्यावर येऊन बसतात, गुरे त्याच्या सावलीत रवंथ करतात आणि दोघेही तेथे बी टाकतात. झाडाखाली गवत विरळ असते, त्यामुळे रोपांना जागा मिळते. पाहता पाहता एका झाडाभोवती झाडांचे बेट तयार होते. म्हणून कुरणातील सुटी झाडे तोडू नयेत, हा नियम रोप लावण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

ओल्या बाजूस आपली शिवण

डोंगरांच्या पूर्वेकडील भागात वर्षभर पाऊस असतो. तेथील मोडलेल्या कुरणांत मात्र कोरड्या भागाची रीत लागू पडली नाही. सदाहरित रानातील बहुतेक बिया प्राणी पसरवितात आणि ते प्राणी उघड्या गवतात येण्यास कचरतात. त्यामुळे आग नसूनही गवत वर्षानुवर्षे तसेच राहत होते.

येथे उपयोगी पडली ती आपली शिवण. मेलिना या नावाने ही भारतीय वृक्षजाती लाकडासाठी उष्ण प्रदेशांत सर्वत्र लावली जाते. कुरणात शिवणीची दाट लागवड करून तिच्या फांद्या न छाटता तशाच वाढू दिल्या, की काही वर्षांत तिच्या सावलीने गवत मरते. त्या सावलीत पक्षी व वटवाघळे येतात आणि स्थानिक झाडांची रोपे उगवतात. मग शिवण काढून टाकली की खालचे रान वर येते. शिवण येथे दाईचे काम करते.

या देवघेवीची दुसरी बाजूही आहे. आपण हिरवळीच्या खतासाठी बांधावर लावतो ते गिरीपुष्प मूळचे मध्य अमेरिकेच्या याच कोरड्या पट्ट्यातील आहे. तेथील शेतकरी त्याच्या फांद्या रोवून जिवंत कुंपण करतात. आपल्या रस्त्यांच्या कडेचा, गोड शेंगांचा वर्षावृक्षही त्याच भागातला.

कोरडा व ओला हे दोन्ही भाग एकाच क्षेत्रात असण्याचे आणखी एक कारण आहे. कोरड्या रानातील अनेक पतंग व इतर कीटक उन्हाळ्यात डोंगरावरील ओल्या रानात जातात आणि पावसाळ्यात परततात. एक भाग राखून दुसरा गमावला, तर दोन्ही गमावल्यासारखेच होते.

संत्र्याच्या साली व मोडलेली जमीन

या क्षेत्रात झालेला एक प्रयोग कृषिविद्येच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. वनक्षेत्रालगत संत्र्याचा रस काढणारा एक कारखाना होता. ही संत्री म्हणजे आपली नागपुरी संत्री नव्हेत. आपल्या मोसंबीच्या जातकुळीची ती फळे. कारखान्याने रानाची जमीन वनक्षेत्राला द्यावी आणि त्या बदल्यात साल व चोथा मोडलेल्या कुरणावर टाकावा, असा करार झाला. १९९८ मध्ये सुमारे १,००० ट्रक, म्हणजे १२,००० टन साल-चोथा अवघ्या ३ हेक्टर जमिनीवर पसरण्यात आला. हेक्टरी ४,००० टन, किंवा दर चौरस मीटरला ४०० किलो, असे हे प्रमाण पडते.

या जाड थराखाली ऊन न मिळाल्याने गवत गुदमरून मेले. माश्यांच्या अळ्या व सूक्ष्म जीव यांनी थर खाल्ला आणि सहा महिन्यांच्या सुमारास त्याची काळी, भुसभुशीत माती झाली. तथापि दुसऱ्या एका रस कारखान्याने याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, करार रद्द झाला आणि ही जागा विस्मरणात गेली.

सोळा वर्षांनी शास्त्रज्ञांनी तेथे मोजमाप केले. रस्त्याच्या एका बाजूस साल टाकलेली जमीन व दुसऱ्या बाजूस न टाकलेली जमीन, अशी सरळ तुलना करता आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार साल टाकलेल्या बाजूस झाडोऱ्याचे जमिनीवरील वजन १७६ टक्क्यांनी अधिक आढळले आणि झाडांच्या जातीही पुष्कळ अधिक होत्या. त्या जागी लावलेला मोठा पिवळा फलकसुद्धा वेलींत गडप झाल्याने सापडणे कठीण झाले होते.

हे प्रमाण पीक जमिनीसाठी नाही, हे लक्षात घ्यावे. ताजी साल उभ्या पिकात घालू नये. तिचा निचरा होऊन येणारे आंबट पाणी विहीर व ओढ्यापासून दूर ठेवावे. संत्रा-मोसंबी पट्ट्यातील शेतकऱ्यांनी साल-चोथा शेण व पालापाचोळ्यासह कुजवून मगच वापरावा.

जमीन कोणाची आणि पोट कोणाचे?

एवढे मोठे क्षेत्र राखण्याचा प्रश्न शेवटी माणसांपाशी येतो. जमिनी मुख्यतः देणग्यांतून विकत घेण्यात आल्या. स्वीडनच्या मदतीने कोस्टा रिकाच्या परकीय कर्जाचा काही भाग फेडून त्याच्या बदल्यात देशातच या कामासाठी निधी उभा करण्यात आला.

जेथे मोबदला वेळेवर दिला गेला नाही, तेथे तो महागात पडला. सांता एलेना ही किनाऱ्यालगतची जहागीर सरकारने १९७८ मध्ये ताब्यात घेतली, परंतु किमतीचा वाद मिटला नाही. अखेर फेब्रुवारी २००० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने निर्णय दिला. मूळ किंमत ४१ लाख ५० हजार डॉलर ठरली, पण व्याज धरून सरकारला १ कोटी ६० लाख डॉलर देण्याचा आदेश झाला. ही जमीन २००४ मध्ये वारसा क्षेत्रात समाविष्ट झाली. जमीन घ्यावयाची तर मोबदला वेळीच द्यावा, हा धडा तेथील सरकारला चौपट दराने शिकावा लागला.

रोजगाराचा विचार मात्र आरंभापासून केला गेला. कर्मचारी मुख्यतः आसपासच्या गावांतून घेण्यात आले. फारसे न शिकलेल्या ग्रामीण स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन अळ्या गोळा करणे, त्या वाढविणे आणि पतंगांच्या नोंदी ठेवणे हे शास्त्रीय काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. शाळांतील मुलांना रानात नेऊन शिकविण्याचा उपक्रम कायमचा चालू करण्यात आला. आज वीस वर्षांचा असलेला तरुण उद्या वणवा लावील की विझवील, हे तो दहा वर्षांचा असताना ठरते, हा त्यामागील विचार.

तरीही सर्व सुरळीत झाले असे नाही. मे २००१ मध्ये उद्यानाच्या राखणदारांवर राग धरून शिकाऱ्यांनी सांता रोसाचा ऐतिहासिक वाडाच पेटवून दिला. लोकांच्या देणग्यांतून तो पुन्हा बांधण्यात आला. आता नवे संकट हवामानाचे आहे. जॅन्झन यांच्या निरीक्षणानुसार १९६० च्या दशकात सुमारे चार महिने असणारा कोरडा हंगाम आता सहा महिन्यांपर्यंत लांबला आहे आणि पतंगांची संख्या लक्षणीय घटली आहे. आग थांबविणे गावाच्या हाती होते, हे संकट मात्र एका गावाच्या किंवा देशाच्या हाती नाही.

आपल्यासाठी बोध

शेतकरी बंधूंनो, एक लाख हेक्टर जमीन विकत घेणे आपल्याला शक्य नाही आणि तशी गरजही नाही. परंतु गावचे गायरान, पाणलोटातील माथ्याची जमीन किंवा स्वतःची पडीक यांसाठी पुढील गोष्टी उपयुक्त ठरतील.

१) चराईबंदी करण्यापूर्वी वाढणाऱ्या गवताचे काय करणार, हे ठरवावे. गवत फुलोऱ्यावर येताच कापून न्यावे. त्या वेळी चाराही सकस मिळतो आणि उन्हाळ्यात जळणही उरत नाही. ज्या गावांनी चराईबंदीबरोबर कापून नेण्याची पद्धत ठेवली, त्यांना दुहेरी लाभ झाला आहे.

२) जाळरेषा थंडीतच काढाव्यात. गवताची उंची जितकी जास्त तितकी रेषा रुंद असावी. शक्यतो गवत कापून व खरडून रेषा काढावी, पेटवून नव्हे. राखीव वनात आग लावणे, किंवा ते धोक्यात येईल अशा रीतीने आग पेटती सोडणे, हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे.

३) गवत जाळले की पुढील वर्षी जोमाने येते, किंवा मोहाची फुले वेचण्यासाठी पाला जाळावाच लागतो, या समजुती सोडाव्यात. झाडाखालचा पाला झाडून गोळा करावा.

४) माळावरील सुटी झाडे राखावीत. जवळ जुने रान किंवा देवराई असेल, तर वाऱ्याच्या दिशेकडील जमीन प्रथम राखावी. तेथे बी फुकट येते.

५) रोपे मोठी होईपर्यंत गुरे दूर ठेवावीत. परंतु गवत माजले आणि रोपे अद्याप आलीच नाहीत, अशा ठिकाणी आखीव व मोजकी चराई हे आग रोखण्याचे साधनही ठरू शकते.

६) राखणीचे काम गुराख्यालाच द्यावे. ज्याची चराई गेली त्याला मोबदला किंवा काम न मिळाल्यास कोणतीही बंदी टिकत नाही.

यासोबत एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक माळ म्हणजे मोडलेले जंगल नव्हे. सोलापूर, अहिल्यानगर यांसारख्या कमी पावसाच्या भागातील पवना, मारवेल, कुसळी या गवतांचे माळ मुळातच गवताळ आहेत. माळढोक, लांडगे, काळवीट यांचे ते घर आहे आणि मेंढपाळांचा आधार आहे. अशा माळावर झाडे लादणे म्हणजे नुकसान करणे होय. तेथे देशी गवत सुधारणे हेच योग्य. ग्वानाकास्तेत गवत काढावे लागले, कारण ते परक्या देशातून आलेले होते आणि त्या जागी पूर्वी रान होते.

ग्वानाकास्तेच्या अनुभवाचे सार एवढेच की, जमिनीचा खरा शत्रू आधी ओळखावा आणि मग उपाय योजावा. गुरे तीच होती, गवत तेच होते, माणसेही तीच होती. त्यांच्या कामाचा क्रम बदलला आणि आग बंद झाली. येत्या थंडीत आपल्या ग्रामसभेत गायरानाच्या जाळरेषेचा आणि गवत कापणीचा विषय अवश्य घ्यावा.